खात्याचे गाव बदलते, वय बदलत नाही

करमुक्त बचतीच्या ज्या योजना भारतात सर्वसामान्य माणसापर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचल्या, त्यांत सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे बोलीभाषेतील ‘पीपीएफ’, ही सर्वांत जुन्या योजनांपैकी एक होय. १९६८ साली संसदेने केलेल्या स्वतंत्र कायद्याने ही योजना अस्तित्वात आली आणि १ जुलै १९६८ पासून तिची खाती उघडली जाऊ लागली. खाते एका ठिकाणी उघडावे, नोकरी, व्यवसाय किंवा विवाह यांमुळे माणसाने दुसरीकडे जावे आणि खाते मात्र मूळ गावी पडून राहावे, हा प्रकार या योजनेइतकाच जुना आहे. ते खाते बंद न करता एका डाकघरातून दुसऱ्या डाकघरात, डाकघरातून बँकेत किंवा एका बँकेतून दुसऱ्या बँकेत नेता येते. या क्रियेला बँकेच्या आणि डाकघराच्या भाषेत खाते ‘वर्ग करणे’ असे म्हणतात. वर्ग करणे आणि बंद करून नवे उघडणे या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसतात, कारण दोन्हींत पैसे एका जागेहून दुसऱ्या जागी जातात. त्यांचे परिणाम मात्र इतके भिन्न आहेत की तो फरक न समजल्याने खातेदाराची दहा-दहा वर्षे वाया जाऊ शकतात.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. कृष्णा आणि तारळी या नद्यांच्या संगमावर, पुणे-बंगळूर महामार्गालगत वसलेले उंब्रज हे कराड तालुक्यातील बाजारपेठेचे गाव आहे, आणि अशा गावाच्या घराघरांतून माणसे बाहेर पडलेली असतात. सैन्यात गेलेला मुलगा दर काही वर्षांनी नव्या ठाण्यावर जातो. १९१९ साली याच तालुक्यातील काले येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेतील शिक्षक एका शाखेतून दुसऱ्या शाखेत बदलून जातो. खानापूर आणि आटपाडी तालुक्यांतील गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे कारागीर, केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत पसरलेले आहेत. या सर्वांचे बचत खाते गावी असते आणि व्यवहार परगावी चालतो. पंधरा वर्षे चालणाऱ्या योजनेत एवढ्या काळात मुक्काम बदलणे हाच नियम ठरतो, आणि म्हणूनच खाते वर्ग करण्याची तरतूद ही या योजनेची गौण सोय न राहता तिचा आवश्यक भाग बनते.

पैसा कोठे असतो

वर्ग करण्याची क्रिया समजून घ्यायची, तर आधी पीपीएफचा पैसा प्रत्यक्षात कोठे असतो हे पाहिले पाहिजे. बँकेच्या बचत खात्यात किंवा मुदतठेवीत ठेवलेली रक्कम ही त्या बँकेची देणी असते. ती रक्कम बँक स्वतःच्या व्यवसायात, मुख्यतः कर्जवाटपात, वापरते, आणि बँक अडचणीत आल्यास ठेव विमा महामंडळ एका ठेवीदारास एका बँकेमागे पाच लाख रुपयांपर्यंतची हमी देते. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख करण्यात आली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द केल्यामुळे या तरतुदीचा अर्थ कराड परिसराला जवळून पाहावा लागला. पीपीएफची स्थिती यापेक्षा वेगळी आहे. खातेदाराने डाकघरात पैसे भरले काय किंवा बँकेत भरले काय, ती रक्कम केंद्र सरकारकडे जमा होते. १ एप्रिल १९९९ पासून अशा सर्व योजनांचा पैसा ‘राष्ट्रीय अल्पबचत निधी’ या नावाच्या एकाच निधीत जातो आणि व्याजासह तो परत करण्याची जबाबदारी सरकारची असते. खाते चालवणारे डाकघर किंवा बँक ही केवळ सरकारची खिडकी असते. त्यामुळेच कोणत्याही खिडकीवर व्याजदर एकच असतो, आणि बँक मोठी की लहान या प्रश्नाचा ठेवीच्या सुरक्षिततेशी संबंध राहत नाही.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. पीपीएफ खाते वर्ग होते तेव्हा, जुन्या कार्यालयाने नव्या कार्यालयाच्या नावे धनादेश किंवा डिमांड ड्राफ्ट पाठवला तरी, ज्याच्याकडे पैसे ठेवले तो ऋणको बदलत नाही. तो आधीही भारत सरकार होता आणि नंतरही तोच राहतो. मग नेमके जाते काय? जाते ती खात्याची हकिकत: खाते कधी उघडले, कोणत्या वर्षी किती भरले, प्रत्येक वर्षाअखेर शिल्लक किती होती, कर्ज किंवा रक्कम कधी उचलली, वारस म्हणून कोणाचे नाव आहे. सातबाऱ्याच्या फेरफारात जमीन जागेवर राहते आणि मालकाचे नाव बदलते. येथे मालकाचे नाव कायम राहते आणि दप्तर जागा बदलते. फेरफाराची नोंद चुकली की पुढच्या पिढीला त्रास होतो, हे शेतकरी कुटुंबांना सांगावे लागत नाही. पीपीएफच्या दप्तराबाबतही तेच खरे आहे, फक्त येथे त्रास पुढच्या पिढीपर्यंत थांबत नाही.

वर्षांची किंमत

पीपीएफ खात्याची मुदत पंधरा वर्षांची आहे, पण ती खाते उघडल्याच्या दिवसापासून मोजली जात नाही. ज्या आर्थिक वर्षात खाते उघडले ते वर्ष संपल्यानंतर पुढची पंधरा वर्षे, अशी ही मोजणी असते. उदाहरणार्थ, जून २०१४ मध्ये उघडलेल्या खात्याचे पहिले आर्थिक वर्ष ३१ मार्च २०१५ रोजी संपते आणि त्या खात्याची मुदत ३१ मार्च २०३० रोजी पूर्ण होते. हे खाते २०२४ साली उंब्रजहून पुण्याला वर्ग केले, तरी नियमांनुसार ते अखंड चालू असलेले खाते मानले जाते आणि मुदत २०३० सालीच संपते. याच खातेदाराने पुण्यात २०२४ साली नवे खाते उघडले असते, तर त्या नव्या खात्याची मुदत २०४० साली संपली असती. रक्कम तीच आणि व्याजदर तोच असतानाही दहा वर्षांचे अंतर पडते, आणि हे अंतर कितीही जास्त पैसे भरून मिटवता येत नाही.

खात्याचे वय केवळ मुदतीपुरते महत्त्वाचे नाही. तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षांदरम्यान खात्यावर कर्ज घेता येते. ज्या वर्षी खाते उघडले ते वर्ष संपून पाच वर्षे झाल्यावर काही रक्कम काढताही येते, आणि तिची कमाल मर्यादा ठरवताना दोन शिलका पाहिल्या जातात: रक्कम काढण्याच्या वर्षाच्या आधीच्या चौथ्या वर्षाअखेरची एक आणि लगतच्या मागील वर्षाअखेरची दुसरी. या दोहोंत जी कमी असेल तिच्या निम्मी रक्कम काढता येते. म्हणजे वरील खातेदारास २०२५-२६ मध्ये मुलाच्या शिक्षणासाठी पैसे हवे असतील, तर नव्या शाखेला ३१ मार्च २०२२ आणि ३१ मार्च २०२५ या दोन्ही दिवसांच्या शिलका माहीत असणे आवश्यक आहे. नव्या शाखेकडे केवळ एकरकमी आकडा आला आणि मागील वर्षांचा उतारा आला नाही, तर हे गणित मांडताच येत नाही, आणि खात्यात लाखो रुपये असूनही खातेदाराला हक्काचे पैसे मिळण्यास विलंब होतो. खाते वर्ग करताना जुन्या कार्यालयाने खात्याचा प्रमाणित उतारा पाठवावा असा जो दंडक आहे, त्याचे कारण हे आहे.

वार्षिक मर्यादा हे वयाच्या किमतीचे दुसरे अंग होय. एका आर्थिक वर्षात पीपीएफमध्ये किमान ५०० रुपये भरावे लागतात आणि २०१४ पासून जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात. मोठी करमुक्त शिल्लक म्हणूनच एका दिवसात उभी राहू शकत नाही. ती वर्षावर वर्ष चढवत उभी करावी लागते. एखाद्या जुन्या खात्यात २० लाख रुपये साठलेले असतील आणि ते करमुक्त चौकटीबाहेर पडले, तर दरवर्षी दीड लाखाच्या वेगाने ते पुन्हा आत आणण्यास तेरा वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि तोपर्यंत बाहेर राहिलेल्या रकमेचे व्याज करपात्र ठरेल. ज्या खातेदाराने सलग पंधरा वर्षे दरवर्षी एप्रिलच्या आरंभी दीड लाख रुपये भरले, त्याच्या २२ लाख ५० हजारांचे सध्याच्या ७.१ टक्के दराने सुमारे ४० लाख ६८ हजार होतात, आणि वाढलेल्या १८ लाखांवर आयकर लागत नाही. चक्रवाढ व्याजाचा मोठा भाग अखेरच्या वर्षांत पदरात पडतो, म्हणून दहाव्या-बाराव्या वर्षी खात्याचा क्रम तुटणे हे सर्वांत महाग पडते.

याच ठिकाणी जगातील अन्य देशांच्या अनुभवाशी तुलना उपयोगी ठरते. ब्रिटनमध्ये १९९९ पासून ‘आयसा’ नावाचे करमुक्त बचत खाते आहे आणि त्यात वर्षाला २० हजार पौंडांपर्यंत रक्कम ठेवता येते. कॅनडात २००९ पासून ‘टीएफएसए’ हे तशाच स्वरूपाचे खाते आहे आणि २०२५ साठी त्याची वार्षिक मर्यादा सात हजार डॉलर होती. दोन्ही देशांत बँका व्याजदरासाठी परस्परांशी स्पर्धा करतात, त्यामुळे तेथे खाते वर्ग करण्यामागे चांगल्या व्याजदराचा शोध हे मुख्य कारण असते, तर भारतात दर सर्वत्र एकच असल्यामुळे सोय हे मुख्य कारण ठरते. इशारा मात्र तिन्ही देशांत सारखाच दिला जातो: पैसे स्वतः काढून दुसरीकडे भरू नयेत, दोन संस्थांना आपसात खाते वर्ग करू द्यावे. ब्रिटनमध्ये रोख स्वरूपाचा आयसा एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जाण्यास कामकाजाचे पंधरा दिवस पुरेसे मानले जातात. कॅनडात खातेदाराने स्वतः रक्कम काढली, तर ती पुन्हा भरण्याची मुभा पुढील १ जानेवारीलाच मिळते, आणि मर्यादा ओलांडल्यास जादा रकमेवर दरमहा एक टक्का कर द्यावा लागतो.

दोन खाती हा उपाय नव्हे

पीपीएफ खाते मुदतीपूर्वी बंद करण्यावर कडक मर्यादा आहेत. पाच वर्षे पूर्ण झाल्यानंतरही गंभीर आजार, उच्च शिक्षण किंवा निवासाच्या कायदेशीर स्थितीतील बदल अशी ठरावीक कारणे असतील तरच ते बंद करता येते, आणि त्यासाठी व्याजात एक टक्क्याची कपात सोसावी लागते. यामुळे गाव बदललेला माणूस सहसा जुने खाते बंद करीत नाही. तो ते तसेच सोडून देतो आणि नव्या गावी दुसरे उघडतो. नियमांनुसार मात्र एका व्यक्तीला स्वतःच्या नावे एकच पीपीएफ खाते ठेवता येते, संयुक्त नावाने खाते उघडता येत नाही, आणि अज्ञान मुलाच्या नावे पालकाने उघडलेल्या खात्यातील रक्कम पालकाच्या खात्याबरोबर धरून दीड लाखाची मर्यादा मोजली जाते.

अशा दुहेरी खात्यांचे काय करायचे याविषयी केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आणि त्या १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाल्या. त्यांनुसार खातेदाराने दोन खात्यांपैकी जे पुढे चालू ठेवायचे ते मुख्य खाते मानले जाते आणि वार्षिक मर्यादेत राहून भरलेल्या रकमेवर त्याला योजनेचा दर मिळतो. दुसऱ्या खात्यातील शिल्लक, प्रत्येक वर्षाची मर्यादा पाळली जात असेल तेवढी, मुख्य खात्यात विलीन केली जाते, मर्यादेपलीकडील रक्कम बिनव्याजी परत केली जाते, आणि तिसरे किंवा त्यापुढचे खाते असल्यास त्यावर उघडल्याच्या दिवसापासून शून्य टक्के व्याज धरले जाते. वेळीच एक अर्ज करून जे काम झाले असते, ते वर्षांनंतर अशा नियमितीकरणाच्या वाटेने, आणि क्वचित व्याज गमावून, करावे लागते.

मुलींसाठीच्या सुकन्या समृद्धी योजनेत हाच प्रश्न वेगळ्या रूपाने पुढे आला. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेचे खाते दहा वर्षांखालील मुलीच्या नावे उघडता येते, त्यात पंधरा वर्षे पैसे भरावे लागतात, ते उघडल्यापासून एकवीस वर्षांनी परिपक्व होते आणि त्याचेही व्याज करमुक्त आहे. हे खातेही देशात कोठेही वर्ग करता येते. अनेक कुटुंबांत आजी-आजोबांनी नातीच्या नावे अशी खाती उघडली होती, परंतु खाते चालवण्याचा अधिकार नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकालाच असल्यामुळे, वर उल्लेखिलेल्या सूचनांनुसार अशा खात्यांचे पालकत्व आई-वडिलांकडे हस्तांतरित करणे आवश्यक ठरले. म्हणजे येथे बदलतो तो खाते चालवणारा हात. मुलगी, तिचे खाते आणि त्या खात्याचे वय मात्र तसेच राहते.

वर्ग करण्याची रीत

खाते वर्ग करण्याची सुरुवात नव्या शाखेत नव्हे, जुन्या कार्यालयात होते, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. खाते ज्या डाकघरात किंवा बँकेत आहे तेथे खातेदाराने पासबुकासह अर्ज करायचा असतो, आणि त्या अर्जात नव्या शाखेचे नाव व पूर्ण पत्ता लिहायचा असतो. त्यासाठी शंभर रुपये शुल्क आणि त्यावरील कर आकारला जातो. जुने कार्यालय खात्याचा प्रमाणित उतारा, खाते उघडताना दिलेला मूळ अर्ज, नामनिर्देशनाचा अर्ज, सहीचा नमुना आणि शिल्लक रकमेचा धनादेश किंवा डिमांड ड्राफ्ट नव्या शाखेकडे पाठवते. ही कागदपत्रे पोहोचल्यावर नवी शाखा खातेदाराला बोलावते, त्याच्याकडून खाते उघडण्याचा नवा अर्ज आणि ओळख व पत्त्याचे पुरावे घेते, आणि नवे पासबुक देते. नामनिर्देशन म्हणजे खातेदाराच्या पश्चात रक्कम कोणी स्वीकारावी याची नोंद. खाते वर्ग होत असताना ती तपासून घेण्याची संधी आपोआप मिळते. एप्रिल २०२५ पासून या नोंदीत बदल करण्यासाठी शुल्क लागत नाही.

अर्ज करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहणे हिताचे असते. पहिली, खाते चालू आहे की खंडित झाले आहे. एखाद्या वर्षी किमान ५०० रुपये भरले नसतील तर खाते खंडित मानले जाते, आणि चुकलेल्या प्रत्येक वर्षासाठी ५०० रुपये व ५० रुपये दंड भरून ते पुन्हा चालू करता येते. हे काम जुन्या कार्यालयातच उरकलेले बरे. दुसरी, पासबुक शेवटच्या तारखेपर्यंत भरून घेतले आहे की नाही, आणि त्याच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स प्रत स्वतःजवळ आहे की नाही. मूळ पासबुक जमा करावे लागते, त्यामुळे पुढे आकड्यांत तफावत आढळली तर खातेदाराच्या हाती ती प्रत हाच पुरावा उरतो. तिसरी, वेळ. कागदपत्रे वाटेत असताना खात्यात पैसे भरणे अवघड होते, म्हणून चालू वर्षाची रक्कम आधी भरून मगच अर्ज करावा. मार्च महिन्यात मात्र अर्ज टाळलेला चांगला, कारण ३१ मार्चला वर्षाचे व्याज खात्यात जमा होते आणि त्या सुमारास दोन कार्यालयांच्या हिशेबात गल्लत होण्याचा संभव अधिक असतो.

व्याज मोजण्याची पद्धत माहीत असल्यास ही गल्लत ओळखणे सोपे जाते. प्रत्येक महिन्याची पाच तारीख उलटल्यापासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर त्या महिन्याचे व्याज धरले जाते. दीड लाख रुपये पाच एप्रिलपर्यंत न भरता सहा एप्रिलला भरले, तर ७.१ टक्के दराने सुमारे ८८७ रुपयांचे एक महिन्याचे व्याज जाते. याच हिशेबाने, दहा लाखांची शिल्लक असलेले खाते वर्ग होत असताना नव्या शाखेने एक महिना मोजणीत धरला नाही, तर सुमारे ५,९१७ रुपये कमी जमा होतात, आणि ती उणीव पुढील प्रत्येक वर्षी चक्रवाढीने वाढत जाते. खाते अखंड मानले जात असल्यामुळे असा महिना गळणे नियमात बसत नाही, म्हणून वर्षअखेरीस जुन्या आणि नव्या कार्यालयांचा काळ मिळून बारा महिन्यांचे व्याज जमा झाले आहे, याची खात्री खातेदाराने करून घ्यावी.

सहकारी बँकेत हे खाते का नाही

सातारा-सांगलीच्या अर्थजीवनात सहकाराचे स्थान इतके मोठे आहे की ‘आपल्या जिल्हा बँकेत हे खाते का नेता येत नाही’ हा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. उसाचे बिल आणि पीककर्ज यांचा व्यवहार जिल्हा मध्यवर्ती बँकेतून चालतो, कराड अर्बन बँकेसारखी १९१७ साली स्थापन झालेली नागरी बँक शंभरी ओलांडून गेली आहे, आणि पतसंस्था तर गावोगावी आहेत. परंतु पीपीएफ ही सरकारी योजना असल्यामुळे तिची खाती कोणी चालवायची हे केंद्र सरकार ठरवते. डाकघरे, सार्वजनिक क्षेत्रातील बँका आणि आयसीआयसीआय, एचडीएफसी, ॲक्सिस यांसारख्या अधिकृत केलेल्या खासगी बँका यांपुरतीच ही परवानगी आहे. सहकारी बँकेत ‘भविष्य’ किंवा ‘निर्वाह’ अशा नावाची ठेव योजना असली, तरी ती त्या बँकेची स्वतःची ठेव असते. तिचे व्याज पीपीएफप्रमाणे करमुक्त नसते आणि पीपीएफ खाते तिच्यात वर्ग करता येत नाही.

ग्रामीण कुटुंबासाठी या भेदाला आणखी एक बाजू आहे. पीपीएफ खात्यातील रकमेवर खातेदाराच्या कर्जासाठी न्यायालयाच्या हुकमाने जप्ती आणता येत नाही. शेजाऱ्याच्या किंवा नातेवाईकाच्या कर्जाला जामीन राहण्याची पद्धत जेथे रूढ आहे, तेथे या संरक्षणाचे मोल कळण्यास फार स्पष्टीकरण लागत नाही.  असे असूनही ही योजना आज घरोघरी सांगितली जात नाही, यामागे एक व्यवहारी कारण आहे. पूर्वी अल्पबचत एजंटांना पीपीएफवर कमिशन मिळत असे, ते डिसेंबर २०११ पासून बंद झाले. त्यामुळे आवर्ती ठेवीसाठी दारी येणाऱ्या एजंटताईंना पीपीएफ सुचवण्याचे आर्थिक कारण उरले नाही, आणि खाते वर्ग कसे करावे हे सांगणारी जवळची व्यक्तीही त्याबरोबर दूर झाली.

बदललेले कायदे

१९६८ चा स्वतंत्र कायदा आता अस्तित्वात नाही. २०१८ साली तो १८७३ च्या सरकारी बचत बँक कायद्यात विलीन करण्यात आला, त्या जुन्या कायद्याला सरकारी बचत प्रोत्साहन अधिनियम हे नवे नाव मिळाले, आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याखाली नवी पीपीएफ योजना अधिसूचित झाली. व्याजदरही एकसारखा राहिलेला नाही: आरंभी तो ४.८ टक्के होता, १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के होता, आणि एप्रिल २०२० पासून तो ७.१ टक्के आहे. आयकराच्या बाबतीत, गुंतवणुकीवर वजावट मिळणे आणि व्याज करमुक्त असणे या दोन वेगळ्या सवलती आहेत हे ध्यानात ठेवले पाहिजे. २०२३-२४ पासून आपोआप लागू होणाऱ्या नव्या करप्रणालीत पहिली सवलत मिळत नाही, दुसरी मात्र कायम आहे, आणि आयकर अधिनियम २०२५ अन्वये १ एप्रिल २०२६ पासून कलमांचे क्रमांक बदलले तरी हा भेद समजून घेण्याची गरज संपत नाही. वर्ग होऊन आलेली रक्कम ही नवी गुंतवणूक नसल्यामुळे तिच्यावर वजावट मागता येत नाही, हेही त्यातच आले.

परदेशी स्थायिक झालेल्यांसाठी नियम अधिक कडक आहेत. अनिवासी भारतीयाला नवे पीपीएफ खाते उघडता येत नाही. निवासी असताना उघडलेले खाते त्याला मुदत संपेपर्यंत चालवता येते, पण निवासी खातेदाराप्रमाणे पाच-पाच वर्षांनी ते वाढवता येत नाही. शिवाय भारतात करमुक्त असलेले हे व्याज कॅनडासारख्या देशात, जेथे रहिवाशाच्या जगभरातील उत्पन्नावर कर आकारला जातो, करपात्र ठरू शकते. खाते एका गावाहून दुसऱ्या गावी नेता येते. करमाफी मात्र देशाची सीमा ओलांडून बरोबर जाईलच असे नाही.

या सर्व व्यवस्थेतील उणीव शोधायची तर ती नियमांपेक्षा यंत्रणेत सापडते. नोकरदारांच्या भविष्य निर्वाह निधीला २०१४ पासून एक सार्वत्रिक खाते क्रमांक मिळाला, आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत सदस्याचा एकच कायम क्रमांक आयुष्यभर राहतो. नोकरी किंवा बँक बदलली तरी हे क्रमांक बदलत नाहीत. पीपीएफ खात्याला असा देशभर चालणारा क्रमांक नाही, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने अखंड असलेले खाते प्रत्यक्षात एका कार्यालयात मिटून दुसऱ्यात नव्या क्रमांकाने लिहिले जाते, आणि त्या दोन नोंदींमधली कडी कागद पाठवणाऱ्याच्या व कागद नोंदवणाऱ्याच्या हातात राहते. ही स्थिती बदलेपर्यंत कडी शाबूत आहे की नाही हे खातेदारालाच पाहावे लागते. त्यासाठी शिलकेचा आकडा पाहणे पुरेसे नाही, कारण आकडा बहुधा बरोबरच असतो. नवे पासबुक हाती आले की त्यातील खाते उघडल्याची तारीख पाहावी: तेथे जुन्या कार्यालयातील मूळ तारीख असेल तर खाते वर्ग झाले आहे, नव्या शाखेतील तारीख असेल तर फक्त पैसे आले आहेत, आणि ती दुरुस्ती त्याच दिवशी खिडकीवर मागितली पाहिजे.